विंचू आधी खरा पाहिजे : लक्षणा, व्यंजना आणि भारुडातला दुसरा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धा परीक्षेसाठी अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती (शब्दाचा सरळ अर्थ, तो अडला की घेतलेला जवळचा अर्थ, आणि न बोलता सुचवलेला अर्थ) पाठ झाल्या, पर्यायातून उत्तर बरोबर निवडता येतं, पण कविता हातात घेतली की काहीच लागत नाही. भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध हे कुणी ठरवलं, आणि तेच सांगायचं होतं तर एकनाथांनी सरळ का नाही सांगितलं? शिल्पात, चित्रात पण असंच असतं का? आणि पेपरात काय लिहायचं?

मी ३१ वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, आणि माझे वडील वारीत आमच्या दिंडीत भारूड करायचे. त्यामुळे हा विषय मला दोन्हीकडून माहितीये, वर्गातनं पण आणि वाळवंटातनं पण, आणि दोन्हीकडं तो इतका वेगळा दिसायचा की बरीच वर्षं मला त्याचा त्रास झाला. गाईडमधे तक्ता असतो, विंचू = काम-क्रोध, उतारा = सत्त्वगुण, मांत्रिक = सद्गुरू, मुलं तक्ता पाठ करतात आणि तक्ता पाठ झाला की विंचवाची काही गरजच उरत नाही. तिकडं वडील जमिनीवर लोळायला लागले की पुढं बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पाच मिनिटांनी त्याच बायका डोळे पुसायच्या. तक्ता वाचून कुणी डोळे पुसलेले मी आजवर बघितले नाहीत. दुसरा अर्थ पहिल्या अर्थाच्या अंगातनंच वर येतो, पहिला मारून टाकला की दुसराही जगत नाही, हे मला वर्गात शिकवून नाही तर तिथं बसून कळलं.

आता जरा शास्त्राचं बघू, कारण तुमची गडबड तिथंच सुरू झालीये असं मला वाटतं.

आपण घरातनं निघताना 'येते हं' म्हणतो. जातोय आपण, म्हणतो येते. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, नारळ 'फोडला' न म्हणता 'वाढवला' म्हणतो. हे कुणी शिकवलेलं नाही आणि कुणाला त्यात अलंकार आहे असंही वाटत नाही, पण शब्दाचा कोशातला अर्थ इथं चालतच नाहीये, उलटाच चाललाय. म्हणजे तुम्ही दिवसातनं पन्नास वेळा हे करताय, कवितेत आलं की घाबरताय एवढंच.

लक्षणेला जुन्या शास्त्रकारांनी तीन अटी घातल्यात. मुख्य अर्थाला अडचण आली पाहिजे, नव्या अर्थाचं जुन्या अर्थाशी काहीतरी नातं पाहिजे, आणि असं बोलायला एकतर रूढी पाहिजे नाहीतर काही प्रयोजन पाहिजे. 'बाबा ताटावर बसले', कुणी ताटावर बसत नाही, ही झाली अडचण, ताट आणि जेवण यांचं नातं आहे, आणि तसं म्हणायची पद्धत आहे. झालं. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'गंगेवर गवळीवाडा आहे'. पाण्यावर वाडा असत नाही, म्हणजे काठावर. पण मग 'काठावर' का नाही म्हणले? कारण 'गंगेवर' म्हणलं की गारवा येतो, पवित्रपणा येतो, 'काठावर' म्हणलं की फक्त पत्ता कळतो. हे प्रयोजन जे आहे ना, ते कुठल्याच शब्दानं सांगितलेलं नाही, ते व्यंजनेनं आलंय. म्हणजे लक्षणा आणि व्यंजना हे दोन वेगळे डबे नाहीत, एकाच वाक्यात दोन्ही काम करत असतात आणि परीक्षेच्या पुस्तकातनं नेमकं हेच कळत नाही.

बऱ्याच पुस्तकांत 'समाजात वावरणारे असले साप ठेचून काढले पाहिजेत' हे व्यंजनेचं उदाहरण म्हणून छापलेलं असतं. मला हे पटत नाही. माणूस साप असू शकत नाही, म्हणजे मुख्य अर्थ अडला, दगाबाजपणाच्या सारखेपणावरनं दुसरा अर्थ घेतला, ही सरळसरळ लक्षणा आहे, सादृश्यावरची, जिला गौणी म्हणतात. मम्मट या जुन्या शास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात माणसाला बैल म्हणण्याचं उदाहरण आहे ते याच जातीचं. वक्त्याचा संताप, ऐकणाऱ्याला चेतवणं, ते व्यंजनेनं येतं हे खरं. पण 'साप म्हणजे दुष्ट माणूस' ही व्यंजना नव्हे.

मग अस्सल व्यंजना कशी असते? तिच्यात मुख्य अर्थ अडतच नाही. मम्मटानंच दिलेलं उदाहरण, 'सूर्य मावळला'. वाक्यात काही वाकडं नाही, सूर्य खरंच मावळलाय. पण गवळ्याला ऐकू येतं गाई आत घ्या, मजुराला ऐकू येतं काम थांबवा, दुकानदाराला माल आवरा, आणि जिला कुणाला भेटायला जायचंय तिला वेगळंच ऐकू येतं. माझी आजी 'दिवेलागण झाली गं' एवढंच म्हणायची आणि आम्ही केस विंचरायचं थांबवून, फणी ठेवून, पाय धुऊन आत यायचो. तिनं एकदाही 'आत या' म्हणलं नाही.

आणि व्यंजनेचं जे उदाहरण सगळ्या काव्यशास्त्रात पहिल्या रांगेत बसलंय ते आपल्या मातीतलं आहे, हे मी दरवर्षी पोरांना अगदी आनंदानं सांगायचे. नवव्या शतकात काश्मीरमधे आनंदवर्धनानं ध्वन्यालोक लिहिला, शब्दात न बोललेला अर्थ हाच काव्याचा आत्मा असं मांडलं, आणि ते पटवायला त्यानं सुरुवातीलाच जी गाथा, म्हणजे छोटी कविता, घेतली ती महाराष्ट्री प्राकृतातली, गाथासप्तशतीतली, जिचा संग्रह परंपरेनं सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगतेय, बाबा रे, आता निर्धास्त फिर, ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं.

एवढंच. आता बघा, ती म्हणतेय 'फिर'. एकही शब्द अडत नाही, कोशातल्या अर्थानं वाक्य पूर्ण होतं. पण जो माणूस कुत्र्याला घाबरत होता त्याला सिंह असल्याचं सांगितल्यावर तो तिकडं पाऊल तरी टाकेल का! तिला सांगायचंय 'फिरकू नकोस', कारण ती झाडी तिच्या आणि तिच्या माणसाच्या भेटीची जागा आहे आणि हा रोज फुलं तोडायला येऊन बसतो. तोंडानं होकार, अर्थ नकार, आणि पकडायला गेलं तर तिच्या बोलण्यात काहीच सापडत नाही. यावरनं पुढं वादही झाला, महिमभट्ट नावाचा नंतरचा शास्त्रकार म्हणाला की ही वेगळी शब्दशक्ती वगैरे काही नाही, हे साधं अनुमान आहे, धूर बघून आग ओळखतो तसं. मला स्वतःला आनंदवर्धनाची बाजू जवळची वाटते, कारण अनुमान काढून झालं की धुराचं काम संपतं, पण या गाथेत तिचा नकार कळल्यावरही ती बाई, तो भित्रा माणूस आणि ती झाडी डोळ्यापुढनं जात नाही.

आता त्याच पैठणात, त्याच गोदाकाठी, सोळाव्या शतकात आपले एकनाथ. आणि ते बरोबर उलटं करतात. तुम्ही विचारलंय विंचू म्हणजे काम-क्रोध हे कुणी ठरवलं, तर ते कुठल्या सरांनी ठरवलेलं नाही, नाथांनी स्वतःच सुरुवातीलाच सांगून टाकलंय, 'काम क्रोध विंचू चावला'. ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण शाहीर साबळ्यांच्या आवाजामुळं ते इतकं कानात बसलंय की आपण शब्द ऐकतच नाही. कोडं असतं तर उत्तर शेवटी असतं. इथं उत्तर आधीच दिलंय आणि भारूड तिथनं पुढं सुरू होतंय. मग विंचू कशाला?

याचं उत्तर मला पुस्तकातनं मिळालं नाही. सातवीत असताना कडब्याची पेंढी उचलताना मला विंचू चावला. आधी फक्त टोचल्यासारखं होतं, मग ठणका वर चढतो, हातातनं खांद्यात, माणूस बसू शकत नाही, उभं राहू शकत नाही, अंगाला घाम सुटतो. भारुडात पहिलं लक्षण काय सांगितलंय बघा, 'तम घाम अंगासी आला'. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जे काम केलं, प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, त्यात दंशाची लक्षणं म्हणून दरदरून घाम आणि हातपाय गार पडणं हेच येतं. म्हणजे नाथांचा विंचू हा कवितेपुरता केलेला विंचू नाही, तो बघून, ओळखून लिहिलेला आहे. (आणि विंचू चावला तर अंगारा लावत बसू नका, सरळ दवाखान्यात जा, हे इथं सांगणं मला भाग आहे.)

आता राग कसा येतो ते आठवा. कुणीतरी एक शब्द बोलतं, नुसतं टोचल्यासारखं होतं, आणि मग तासाभरानं तो चढतो, बसवत नाही, झोपवत नाही, घाम फुटतो. 'क्रोध वाईट असतो' हे वाक्य ऐकून कुणालाच काही कळत नाही कारण ते आपल्याला आधीच माहितीये. पण क्रोध बाहेरून येऊन चावतो, त्याचं विष चढतं, आणि जे चढतं ते उतरवता येतं, हे विंचवाशिवाय कळणारच नाही. 'विंचू उतरवणं' हा गावातला रोजचा शब्द होता, चावला की उतरवणाऱ्याकडं पळायचं. नाथ म्हणतात 'ह्या विंचवाला उतारा', यात उतारा म्हणजे औषध, उतारा म्हणजे ओवाळून टाकायचा तो पण उतारा, आणि चढलेलं खाली येणं तोही उतारच. एका शब्दात तीन गोष्टी, आणि तिन्ही ऐकणाऱ्याच्या घरातल्या.

पण माझ्या मते सगळं भारूड ज्यासाठी ऐकावं ती जागा शेवटाकडं आहे. विष उतरलं, तमोगुण सारला, आणि मग ते म्हणतात, 'किंचित राहिली फुणफुणी, शांत केली जनार्दनें'.

फुणफुणी. ज्याला विंचू चावलाय त्यालाच हा शब्द कळेल. दुसऱ्या दिवशी दुखणं गेलेलं असतं, माणूस हिंडाफिरायला लागतो, पण त्या बोटात बारीक झिणझिण राहते, हात लावला की जाणवते. तक्त्यात फुणफुणीसमोर काय लिहिणार? मी खूप गाईडं बघितली, तिथं रकाना रिकामा असतो किंवा ओळच गाळलेली असते. आणि अर्थ तर तिथंच सगळ्यात जास्त आहे. राग आवरल्यावर, वासना आवरल्यावर, साधना केल्यावर पण जे किंचित उरतं, आपल्याला वाटतं संपलं आणि संपलेलं नसतं, ते आपल्या प्रयत्नानं जात नाही, ते जनार्दनस्वामींनी, म्हणजे नाथांच्या गुरूंनी शांत केलं. ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायला चार पानं लागतील आणि तरी ती बोटात जाणवणार नाही. वडील या ओळीला आवाज एकदम खाली आणायचे आणि स्वतःचं बोट धरून बसायचे. एकदा एक म्हातारी पुढनं उठून चुना घेऊन आली होती त्यांच्या बोटाला लावायला. तिला दुसरा अर्थ कळला नाही असं जर कुणाला वाटत असेल तर मला ते मान्य नाही, तिला दोन्ही एकदम कळले होते.

रोडग्याच्या भारुडात नाथ एवढं पण उघडं करत नाहीत. सून भवानीआईला नवस बोलतेय, रोडगा वाहीन पण मला पाव, सासरा गावी गेलाय तर त्याला तिकडंच खपव, सासूचं असं कर, नणंदेचं तसं कर, एकेक माणूस काढत जाते. बायका हसतात कारण हे मनात प्रत्येकीच्या येऊन गेलंय, रोडगा म्हणजे जाड भाजलेली भाकर, गरिबाघरचा नवस, तो पण त्यांच्या ओळखीचा. कुणी कीर्तनकार सासऱ्याला अहंकार म्हणतात, कुणी आणखी काही म्हणतात, एकाचं दुसऱ्याशी जुळतंच असं नाही आणि जुळायची गरजही नाही. कारण सगळा भार शेवटच्या मागण्यावर आहे, सगळेच जाऊ दे, 'एकटीच राहूं दे मला'. तोवर हसत आलेली बाई 'एकटी' या शब्दाला थांबते. जाचातनं सुटलेली एकटी, आणि सगळ्या बंधनातनं सुटलेला जो जीव उरतो तो पण एकटाच. सासुरवाशिणीचं दुःख खोटं ठरवून हा अर्थ येत नाही, ते दुःख खरं मानलं तरच येतो.

आता शिल्पाचं. तिथं एक फरक आहे तो नीट समजून घ्या. भाषेत नवी लक्षणा तुम्ही आत्ता तयार केली तरी समोरच्याला कळू शकते, शिल्पातल्या खुणा मात्र बऱ्याचदा ठरलेल्या असतात, त्या माहिती असाव्या लागतात, अंदाजानं चालत नाही. गावोगावी देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेले असतात. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाई, म्हणजे गाई सोडवताना मेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, वरती तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि टोकाला चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलीये. माझ्या एका विद्यार्थ्यानं चंद्र-सूर्याचा अर्थ लावला की वीर दिवसरात्र लढला. कल्पना चांगली होती पण चूक होती, कारण त्या काळच्या दानपत्रांतनं 'चंद्र-सूर्य असेतो' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, तेच इथं दगडात आलंय, की चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो.

आणि त्याच्याच शेजारी कधी सतीचा दगड असतो. त्यावर बाई नसतेच पुष्कळदा, असतो फक्त एक हात, कोपरात वाकलेला, वर उभा, आणि हातात बांगड्या. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं आशीर्वाद असेल. मग कळलं की बांगड्या हाच सगळा मजकूर आहे. विधवेच्या हातात बांगड्या राहत नाहीत, हिच्या राहिल्या, कारण ती विधवा म्हणून जगलीच नाही. वर मी म्हणलं ना की आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, ते आणि हा दगड एकाच भीतीतनं आलेत. भाषेनं तो शब्द टाळला, दगडानं ती अख्खी बाई टाळली, फक्त न फुटलेली बांगडी ठेवली. तिला जायचं होतं का, ओढत नेलं का, तिचं नाव काय, यातलं काही दगड सांगत नाही. दगड कोरणाऱ्यांना तिचा गौरव करायचा होता हे मला कळतं, पण तो हात बघून माझ्या पोटात दरवेळी खड्डा पडतो आणि तो अर्थ पण मी त्या दगडातला अर्थच मानते, कोरणाऱ्याच्या मनात नसला तरी.

मग तुम्ही म्हणाल की असं असेल तर कुणीही काहीही अर्थ काढेल. नाही. मी वर्गात एवढंच बघायला लावायचे, की तुमचा अर्थ एकाच शब्दाला चिकटलाय की बाकीच्या ओळींनाही लागू पडतोय. एकीनं लिहिलं होतं रोडगा गोल आहे म्हणून तो संसारचक्र. मग सून देवीला संसारचक्र कशाला वाहील, तिला तर त्यातनं सुटायचंय ना, असं विचारलं की ते आपोआप गळून पडतं. दुसरं म्हणजे वस्तू त्या लोकांच्या जगण्यात कुठं होती ते बघा. ज्ञानदेवांच्या विरहिणीत, म्हणजे विरहाच्या अभंगात, कावळा ओरडतो तर पाहुणा येणार, विठ्ठल येणार, आणि तोच कावळा दहाव्याला पिंडाजवळ असतो तेव्हा वेगळा. पक्षी तोच. शेजारी काय आहे, अंगण आहे की नदीचा घाट, त्यावर सगळं. आणि काही ठिकाणी काहीच नसतं. पाऊस पडला म्हणजे पाऊस पडला, तिथं अर्थ शोधत बसलात तर पाऊस पण हातचा जातो.

तुमच्यासाठी सांगायचं तर कविता पहिल्यांदा अगदी बाळबोधपणे वाचा, कोण आहे, कुठं आहे, त्याला काय दुखतंय. दुसऱ्या वाचनात बघा कुठं ठेच लागते, कुठं शब्द नेहमीसारखा चालत नाहीये, किंवा सगळं सरळ असूनही कुठं खटकतंय, त्या बाईच्या सिंहासारखं. तिथं थांबा आणि विचारा की हे सरळ सांगितलं असतं तर काय हरवलं असतं. तक्ता त्यानंतर उघडा, उघडायचाच असेल तर.

आणि पेपरात सापाच्या उदाहरणापुढं व्यंजनाच लिहा, उत्तरतालिकेत तेच असण्याची शक्यता जास्त आहे आणि मार्क घालवून शास्त्रार्थ करायची ती जागा नाही. वर्णनात्मक उत्तर असेल तर मात्र विंचवावर लिहिताना एक ओळ तरी फुणफुणीवर लिहा.